प्रश्न पूर्ण ऐक, घाई

शिवणाच्या मशीनवरून तिनं मान वर केली तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. बरंच झालं, नाहीतर तिनं किंचाळूनच त्याचं स्वागत केलं असतं.

दारात सावकाश उभा होता!

त्याचं खरं नाव निराळंच. पण दहावीत गणिताच्या बाईंनी त्याला ‘सावकाश’ केलं आणि हिला ‘घाई’, ती नावं दोघांना जन्माची चिकटली. बाईंची एक रीत होती. चुकलेलं उत्तर पुसायचं नाही. त्याच्याभोवती चौकट काढायची आणि बरोबर उत्तर शेजारी लिहायचं. “राहू दे की. आपलीच चूक आहे, परकी नाही,” असं म्हणायच्या. घाईच्या चौकटींनी फळा भरून जायचा, कारण प्रश्न अर्ध्यावर असतानाच ही उत्तर देऊन मोकळी. सावकाशचं उत्तर कायम बरोबर, पण ते लिहून होईपर्यंत तास संपायचा. खडूनं बोटं पांढरी करून घेणारा तो मुलगा तिला तेव्हा फार आवडायचा. आयुष्यात ही एकच गोष्ट तिनं घाईनं बोलून टाकली नव्हती.

“कोट... बारीक करायचाय,” तो म्हणाला.

“हा? यात तुझ्यासारखे दोघं मावतील! खात नाहीस का काही? घाल बघू.”

तो आरशासमोर उभा राहिला. ती टाचण्या लावू लागली आणि शाळा आपोआप निघाली. वर्गाकडे तोंड करून, पाठीमागच्या फळ्यावर न बघता जगाचा नकाशा काढणारे भूगोलाचे सर. गळ्यातली शिट्टी मैदानभर शोधणारे पीटीचे सर. तो इतका हसला की खांद्याची खूण सरकली.

“हलू नकोस, टोचेल!”

“टोचलंच तर...”

“तर काय?”

त्यानं इतका विचार केला की तिची एक बाही लावून झाली.

“शनिवारसाठी हवाय,” तो शेवटी म्हणाला. “त्या दिवशी मला एक मोठं—”

“लग्न!” ती ओरडली. “लग्न ठरलं तुझं! अभिनंदन!”

“अगं, नाही... म्हणजे—”

पण तोवर तिनं मशीन सुरू केलं होतं. त्याच्या खडखडाटात बाकीचं बुडून गेलं. त्याची पाठ वळल्यावर तिला चक्क रडू आलं, आणि त्या रडण्याचा रागही आला.

मग तो रोजच येऊ लागला. कधी बाही लांब वाटायची, कधी गुंडी सैल. दर वेळी तो तोंड उघडायचा आणि दर वेळी ही हसऱ्या चेहऱ्यानं विचारायची, “काय म्हणते होणारी बायको?”

कोपऱ्यात काजं करत बसलेली तिची आत्या एकदा वैतागलीच. “त्याला बोलू तरी दे गं! अशानं कोटाची बंडी होईल.”

शुक्रवारी कोट अंगावर असा बसला की नाव ठेवायला जागा उरली नाही. आता त्याला परत यायला काही कारणच नव्हतं. तिनं कोटाची घडी घातली, नको तितकी नीट.

तेवढ्यात त्यानं टेबलावरचा तिचा चपटा खडू उचलला. समोर पसरलेल्या काळ्या कापडावर सावकाश लिहिलं: लग्न. आणि त्याभोवती चौकट काढली.

“चुकलं?” तिनं कापडावर वाकून विचारलं.

“चुकलं. उद्या बाई निवृत्त होतायत. सत्काराला मला भाषण करायचंय.”

“भाषण? तू? म्हणजे रविवार उजाडेल! आणि मला कसं कुणी कळवलं नाही?”

“तुला कळवायचं काम... माझ्याकडेच होतं.”

“आठवडा झाला की रे! आणि तू—”

“घाई,” तो थेट बाईंच्या सुरात म्हणाला, “प्रश्न पूर्ण ऐक.”

तिनं तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यात आत्याची सुई थांबली.

“हा कोट दादाचा आहे. माझा मला चांगला बसतो... पण चांगला बसणारा कोट घेऊन तुझ्याकडे कसा येणार? हाताला लागला तो उचलला. मी दहावीपासून हे एकच उत्तर लिहितोय गं, आणि दर वेळी घंटा होते. उद्या येशील माझ्याबरोबर? उद्या... आणि त्यानंतरही? कायमची?”

इतकं लांबलचक बोलणं तिनं जन्मात कुणाचं मध्ये न तोडता ऐकलं नव्हतं. तरी ती आणखी जरा थांबली.

“झाला प्रश्न?”

“झाला.”

तिनं त्याच्या बोटांतून खडू घेतला आणि चौकटीच्या शेजारी लिहिलं: हो.

आत्यानं डोळे पुसले. मग घाईची नजर घडी घातलेल्या कोटाकडे गेली.

“अरे देवा! मी तर तो कापून शिवलाय. आता दादा काय घालणार?”

सावकाश विचार करू लागला. आणि त्याचा हात हातात घेऊन ती निवांत उभी राहिली. लागू दे म्हणाली मनात, लागेल तेवढा वेळ.