लाल रेघेतली नावं

वरद पहिल्यांदा आला तो चुकून. त्याला शिरायचं होतं शेजारच्या कापडाच्या दुकानात, शिरला तृप्तीच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात. जुन्या जालन्यातली दारं सगळी सारखीच, दोष कुणाला द्यायचा! पण मग बहिणीच्या पत्रिकेचं काम त्यानं तिलाच दिलं, आणि त्या निमित्तानं इतक्यांदा आला की शेजारी त्याला दुकानाचाच माणूस समजायला लागले.

"आज कोणत्या काकांचं नाव राहिलं?" ती विचारायची.

"आत्याचं राहिलं. लई रुसकी आहे." आणि तो खुर्ची ओढायचा... बरोबर तिच्या बाजूची.

आज मात्र तो बसला नाही. अमावस्या, मोंढ्याचा बाजार बंद. गल्ली इतकी गप्प, की पंख्याची कुरकुरही कुणीतरी पुटपुटल्यासारखी वाटत होती. वरदनं आपला लॅपटॉप तिच्यापुढं उघडला.

"तुम्ही पाठवलेली फाईल. माझ्याकडं अशी दिसून राह्यली."

बहिणीचं, रूपालीचं नाव होतं. पण त्याला खेटून, लाल रेघ मारलेलं दुसरं नाव – चि. सौ. कां. तृप्ती. वराच्या जागी, तशाच रेघेत – चि. रामप्रसाद.

तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर हीच फाईल स्वच्छ होती!

"आईनं पाहिलं," वरद म्हणाला. "म्हणे, आपल्या पोरीच्या पत्रिकेत कोण शिरलं?"

तृप्तीनं पेन ड्राईव्ह काढला, दुसरी पत्रिका त्याच्या लॅपटॉपवर उघडली. घनसावंगीची दैवशाला... शेजारी लाल रेघेत तृप्ती. मग आकांक्षाची. तिथंही तृप्ती. गेल्या हंगामातली, त्याआधीची... प्रत्येक नवरीला खेटून ती उभी होती, आणि तिच्याजवळ रामप्रसाद. लाईट गेली, पंखा थांबला. पडद्याच्या उजेडात रेघा जास्तच लाल झाल्या.

"कोण आहेत हे?" वरदचा आवाज एकदम खाली आला.

"आमचं लग्न ठरल्तं. पत्रिका मीच टाईप केली. छापायच्या आधी... आष्टीच्या रस्त्यावर त्यांची गाडी..." तिनं श्वास घेतला. "फाईल पुसवेना. मंग तिच्यावरच पुढची टाईप केली. तिच्यावर त्याच्या पुढची. वाटलं, खालचं आपोआप गेलं असंल."

"गेलं न्हाई. त्यात बदलांची नोंद चालू राहिली. मधल्या नवऱ्या पुसल्या जात गेल्या, पहिलं नाव तेवढं राहिलं. तुमच्या जुन्या व्हर्जनमध्ये ते लपवलेलं, माझं नवं सगळं दाखवतं." तो थोडंसं हसला. "म्हणजे भूत न्हाई."

"न्हाई कसं?" तृप्ती म्हणाली. "हेच तर."

तो हसायचा थांबला.

"पुसतात कसं?" तिनं विचारलं.

"एक बटण आहे. सगळे बदल मान्य, म्हणायचं. पण मी दाबणार न्हाई. तुम्ही ठेवा म्हणलात, तर अशीच छापू. आईला मी सांभाळतो."

"येडे आहात का तुम्ही?" तिचे डोळे भरले आणि हसूही आलं. "बहिणीच्या पत्रिकेवर गेलेला माणूस छापता?"

तिनंच दाबलं.

लाल रेघा गेल्या. रूपालीचं नाव किंचित सरकून नीट मधोमध बसलं. आणि भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीवरून कुणीतरी उठल्यासारखं वाटलं... हळूच, कुणाला त्रास नको म्हणून उठावं तसं. तृप्तीनं वळून पाहिलं. वरदनंही.

मग वरदनं फाईल सेव्ह केली.

तो म्हणाला, "रूपालीचं काम झालं. मंग आता मी... कोणत्या निमित्तानं येऊ?"

"घरात लग्नाचं आणखी कुणी राहिलं न्हाई?"

"राहिलंय की. मी."

ती लाजली नाही. त्याच्याकडं सरळ पाहत राहिली.

"नवरी?"

"ती हो म्हणंल तर... समोरच बसलीय."

"मंग जुन्यावर टाईप करायची न्हाई," तृप्ती म्हणाली, "कोरी उघडू." तिनं लॅपटॉप जवळ ओढला. आणि कोरं पान उघडतात कुठून, हे काही केल्या तिला आठवेना.