रिकाम्या यादीची शांतता

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आवाजघरातली माणसं अडली की काकूंनाच बोलावत. त्या दुपारी नव्या प्रोग्रामरचा फोन आला तेव्हा काकू चष्मा शोधत होत्या, आणि तो कपाळावरच होता.

आवाजघर म्हणजे शहराचं ध्वनिसंग्रहालय. लोक हयातीत येऊन आपला आवाज तिथे ठेवत. त्यांच्या माघारी घरची माणसं येत, काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसत, नाव टाइप करत. त्या नावाची ध्वनिमुद्रणं शोधायची आणि त्यातलं पहिलं वाजवायचं, एवढाच काकूंनी लिहिलेला प्रोग्राम. पण नावावर एकही मुद्रण नसेल, तर रिकाम्या यादीतून पहिलं काढायला जाऊन तो कोसळायचा. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांसमोर पडद्यावर लाल अक्षरं आली. "माझ्या बायकोचं काही चुकलं का हो?" त्यांनी विचारलं.

मग काकूंनी सोय केली. यादी रिकामी आहे का ते आधी बघायचं. असेल तर ठरलेलं एक मुद्रण वाजवायचं, नुसत्या शांततेचं. कोरी फाइल ठेवली की लोकांना हेडफोनच बिघडलाय असं वाटे. म्हणून खऱ्या खोलीतली शांतता त्यांनी टिपून आणली.

ती खोली त्यांच्या लेकीची. पोर जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. तिचा आवाज कुठेच नव्हता; आज घेऊ, उद्या घेऊ म्हणता म्हणता राहून गेला. रुसली की ती स्टूल ओढायची, वर चढून आतून कडी लावून घ्यायची. काकू दोन बोटांनी दार वाजवत बसायच्या. ती गेली त्याच आठवड्यात काकूंनी ते स्टूल देऊन टाकलं होतं.

"काकू, तुमची शांतता फारच गाजतेय," त्या आवाजघरात पोचताच नवी प्रोग्रामर खुर्ची पुढे करत म्हणाली.

"म्हणजे गं?"

"ज्यांना काही सापडत नाही, तेच लोक पुन्हा पुन्हा येतात. म्हणे आत कोणीतरी आहे. एका आजोबांना पावलं ऐकू आली. एक बाई म्हणाली, फरशीवरून काहीतरी ओढतंय. मला तर खाक ऐकू येत नाही. सरळ 'मुद्रण नाही' असं लिहून टाकू?"

"तोंडावर नाही म्हणायचं?"

"मग काय, आशेला लावून ठेवायचं?"

काकूंच्या घरातल्या त्या खोलीत आता अडगळ भरली होती. पूर्वीची खोली उरली होती ती या फाइलमध्येच.

"पुसण्याआधी एकदा ऐकते," त्या म्हणाल्या.

त्यांनी लेकीचं नाव टाइप केलं. आजवर ती हिंमत झाली नव्हती. यादी अर्थातच रिकामी निघाली आणि शांतता सुरू झाली. पंख्याची घरघर. त्यांचा स्वतःचाच श्वास. मग त्यांची पावलं, आणि दार लोटल्याचा आवाज. बरोबर, रेकॉर्डर चालू ठेवून त्या स्वयंपाकघरात रडायला गेल्या होत्या.

पुढे बराच वेळ काहीच नाही.

मग फरशीवर स्टूल ओढलं गेलं.

सावकाश. थांबत थांबत.

आतून कडी लागली.

काकूंनी हेडफोन काढला.

"काय ऐकलंत, काकू?"

"पुसून टाक."

"आँ? आत्ता तर तुम्हीच..."

"पुस गं बाई. किती वर्षं लेकरू आत कोंडून ठेवलंय मी."

प्रोग्रामरला काही कळलं नाही, पण तिनं बटण दाबलं.

काकू घरी आल्या तेव्हा अजून उजेड होता. अडगळीमुळे त्या खोलीचं दार कधी पुरतं लागत नसे. आज ते लागलेलं होतं. त्यांनी ढकलून पाहिलं. हललं नाही.

दाराला कपाळ टेकून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पूर्वीसारखं दोन बोटांनी हलकेच वाजवलं.

आत स्टूल सरकलं.