ठेवचेहरा

मालनचे डोळे पुन्हा बंद पडले, आणि तेही भर रस्त्यात. "चल, मोकळा झाला बघ रस्ता," असं म्हणून तिचे यजमान यशवंत चौगुले तिच्याकडे वळले, तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"अहो, गेलं! सगळं काळं झालं!"

मोटारसायकलवाला शिव्या घालत अगदी अंगावरून गेला. यशवंतांनी तिला दंडाला धरून कडेला ओढलं. तेवढ्यानं त्यांना धाप लागली. ती त्यांनी खोकल्यात दडवली.

वर्षांपूर्वी तापात नजर गेलेल्या मालनला गेल्या दसऱ्याला चित्रक बसवला होता. कोल्हापुरात आता पुष्कळांना तो असतो. चष्म्यातला कॅमेरा समोरचं टिपतो, कानामागे कातडीखाली बसवलेली चकती त्याचं चित्र काढते आणि थेट मेंदूला देते. ती चकती म्हणजे चित्रक. म्हणजे मालन जग बघत नव्हती, चित्रकानं काढलेलं जगाचं चित्र बघत होती. क्षणाक्षणाला नवं चित्र काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. झेपेनासं झालं की चकती तापते, आणि कातडी भाजू नये म्हणून आपली आपण बंद पडते, निवली की पुन्हा चालू होते.

पण कशानं झेपत नव्हतं, तेच कुणाला कळेना. चित्रक बसवणाऱ्या केंद्रातल्या इंजिनिअर फरीदा मुल्ला यांनी बॅटरी बदलली, प्रोग्राम नवा घातला, गर्दी टाळायला सांगितलं. तरी घरात बसल्या बसल्याही अंधार व्हायचाच. मालनला गॅसपुढं उभं राहायची धास्ती वाटायला लागली होती.

शेवटी वैतागून फरीदानं तिला मोठ्या पडद्यापुढं बसवलं आणि चित्रकाला जड जाईल असं एकेक दृश्य लावलं. वाऱ्यात सळसळणारा ऊस, फेसाळणारा धबधबा, कुस्तीच्या मैदानावरची तोबा गर्दी. चित्रकानं हूं की चूं केलं नाही.

"मग याला झालंय तरी काय?" फरीदा स्वतःशीच पुटपुटली.

तेवढ्यात यशवंत चहाचे कप घेऊन आत आले. ते कुस्तीच्या मैदानाचे निवेदक. साधं चहा घ्या म्हणायचं, तरी आवाज मैदानावरचा. "आता येत आहे आखाड्यात, आल्याचा कडक चहा!"

मालननं हसून मान वळवली. "गेलं!"

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मालनला हसू आवरेना. "माझ्या आईनं लग्नाआधीच सांगितलं होतं, या माणसाकडे बघू नकोस म्हणून!"

यशवंतांना मात्र हसू आलं नाही. फरीदानं त्यांना शेजारच्या खोलीत नेलं.

"काका, घरच्या माणसाचा चेहरा दरवेळी नव्यानं काढायला लागू नये म्हणून आम्ही तो एकदाच साठवून ठेवतो. त्याला म्हणायचं ठेवचेहरा. मग चित्रक तोच वापरतो, थोडा फरक असेल तेवढाच दुरुस्त करतो. पण तुमचा ठेवचेहरा आणि आत्ताचा चेहरा जुळतच नाही. हा तोच माणूस आहे का, हे ठरवता ठरवता चकती तापते."

यशवंतांना चेहरा साठवला तो दिवस आठवला. रोज घरी असता तसेच या, असं फरीदानं बजावलं होतं. पण फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस तसाच जाईल होय? केसांना कलप, गालाला पावडर, डोक्याला फेटा, आणि जिलेबी खाल्ल्यासारखं हसू.

फरीदानं आवाज खाली आणला. "गाल बसलेत. डोळे पिवळे पडलेत. तुम्हाला काय होतंय, काका?"

"यकृताचं आहे. पोचलंय शेवटाला," यशवंत म्हणाले. "हिला ठाऊक नाही. इतक्या वर्षांनी डोळे मिळालेत, आणि त्यांनी तिनं हेच बघायचं? मी गेलो की मशीन आपोआप सुधारेल बघा, मॅडम."

फरीदा हसली नाही. "नवा चेहरा साठवू. चित्रक चालू राहील, पण त्यांना सगळं दिसेल. नाहीतर ठेवचेहऱ्याला कुलूप घालता येतं. मग ताडून बघणंच बंद. बोलताना ओठ हलतील, बाकी तुम्ही कायम त्या दिवसासारखे. पण ते काढायचं झालं तर तुम्हालाच इथं येऊन बसावं लागेल. आणि डोळे त्यांचे आहेत, विचारायला त्यांनाच हवं."

तिनं मालनला विचारलं. म्हणजे अर्धंच विचारलं, कारण यशवंत दारात हात जोडून उभे होते. "काकू, चित्रक बंद पडणार नाही, पण काकांचा चेहरा थोडा कमी खरा दिसेल. चालेल?"

"बाई, आंधळी होते मी! थोडं कमी-जास्त चालतंय की!"

कुलूप बसलं. अंधार पुन्हा कधी झाला नाही. मालन एकटी मंडईत जाऊ लागली आणि यशवंत धन्य झाले. पुढं त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा मात्र पंचाईत झाली.

"गाल बघा कसे टोमॅटोसारखे झालेत, आणि हे लोळतायत!" मालन करवादायची. "शेजारीण म्हणते, भावजी खंगलेत. तिचेच डोळे तपासायला हवेत!"

रोज ऐकून ऐकून यशवंतांचा धीर सुटला. कुणीतरी नुसतं जवळ बसावं, बरं नाही ना म्हणून कपाळावर हात ठेवावा, एवढंच त्यांना हवं होतं. केंद्रात जाण्याची ताकद आता उरली नव्हती. एका दुपारी त्यांनी तिला हाक मारली.

"मालन, खरं सांगतो. मी आता वाचत नाही गं. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय."

मालननं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि ती फसकन हसली. "आवाज झकास काढलाय हो! पण असलं सांगताना हसू तरी दाबायचं!"

यशवंतांना रडू फुटलं. त्यांनी तिचा हात ओढला आणि आपल्या गालावर घट्ट दाबून धरला. मालनची बोटं गालाच्या हाडावरून खाली खोबणीत उतरली, ओली झाली, तिथंच थांबली. तिचं हसू मावळलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि बोटं पुन्हा एकदा कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवली.

मग तिनं डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"बाई गं, केवढी घाबरले!" ती पदराला हात पुसत म्हणाली. "डोळे आल्यापासून या बोटांची सवयच गेली बघा. काहीच्या बाही सांगतात मेली."