पलीकडून धरलेला पत्रा

अँप्लिफायरच्या पुढच्या पत्र्याला अकरा भोकं लागतात. दोन माइकची, एक टेपचं, सहा बटणांची, एक स्विचचं आणि एक लाल दिव्याचं. एवढ्या अकरा भोकांना शिरड शहापूरचा सटवाजी अख्खा दिवस घ्यायचा आणि वर फुशारकी मारायचा. त्याचं हातड्रिल त्याच्या बापाच्या वेळचं. दाते झिजलेले, फुटक्या मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पत्रा लाकडी चौकटीत उभा करायचा, अलीकडून सटवाजीनं मूठ फिरवायची, आणि पलीकडे त्याची बायको शालूबाई लाकडाच्या ठोकळ्यानं पत्रा दाबून बसायची. एका पत्र्याला दोन माणसं. कंपनीत असं काम कोणी केलं असतं, तर सुपरवायझरनं दोघांनाही गेटबाहेर घालवलं असतं.

मी रत्नपाल. वाळूजच्या एका कंपनीत सात वर्षं ड्रिल मशीनवर उभा होतो. १९९७च्या जानेवारीत नोकरी सोडून जवळा बाजारला परत आलो, बसस्टँडमागे गाळा घेतला आणि बेंच ड्रिल बसवलं. आता कोणाच्या हाताखाली काम करणार नाही, असं गावभर सांगून टाकलं होतं. माझ्या बायकोनं, करुणानं, वाळूजची दहा बाय दहाची खोली सोडताना मागे वळूनही पाहिलं नव्हतं. भीमजयंतीसाठी आसपासच्या गावांनी माझ्याकडे बावीस अँप्लिफायर सांगितले होते. ते चौदा एप्रिलला नीट वाजले तर गाळा चालणार, नाहीतर पुन्हा वाळूज आणि पुन्हा ती खोली. आम्ही दोघं हे बोलत नव्हतो, पण दोघांच्याही डोक्यात तेच होतं.

बावीस पत्रे मी दोन गठ्ठ्यांत आवळले, वर साचा ठेवला आणि मशीन चालू केलं. दीड तासात काम संपलं. सटवाजीला बावीस दिवस लागले असते. दुसऱ्या दिवशी एक पत्रा घेऊन मुद्दाम शिरडला गेलो. हिणवायलाच गेलो, खोटं कशाला सांगू.

सटवाजीनं पत्रा उजेडात धरला, एकेका भोकातून पाहिलं आणि काम बराबर आहे म्हणून कबूल केलं. मग त्यानं विचारलं,

"पलीकडं कोण बसलं होतं?"

"पलीकडं लोखंडी टेबल असतं, मामा. माणूस लागतच न्हाई."

"बसावं लागतं कोणीतरी," तो म्हणाला. "जागा रिकामी ठेवू न्हाई."

शालूबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती उठून घरात गेली. मी मोटारसायकलला किक मारली. अडाणी माणसाला काय सांगायचं, असं मनाशी म्हणत घरी आलो.

पहिले पाच अँप्लिफायर जोडून दिले. आठवड्यात कुरुंद्याचा वैजनाथ आपला परत घेऊन आला. लग्नाकार्यात कर्णे लावायचा त्याचा धंदा. बटणं शून्यावर आणि माइक काढलेला असला तरी आतून घासल्याचा आवाज येतो, अशी त्याची तक्रार होती.

"पत्र्यावर कोणी हात फिरवून राहिलं, असं वाटतं," तो म्हणाला.

फ्यूजच्या जागी खिळा ठोकणारा हा माणूस मला आवाज शिकवणार! मी त्याला अर्थिंग म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं आणि वाटेला लावलं. मग अँप्लिफायर टेबलावर घेतला. आवाज होता. थांबून थांबून येणारा, कोरडा. मी विजेच्या बोर्डातली पिन काढून हातात घेतली. कर्णा गप्प झाला. कान पत्र्याशी नेला, तर आवाज चालूच होता.

तापलेला ट्रान्सफॉर्मर निवताना पत्रा आवळत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कारण काही वाईट नव्हतं. पण तासाभरानं ट्रान्सफॉर्मर थंडगार पडला, तरी घासणं थांबलं नाही.

चार दिवसांत उरलेले चारही परत आले. तेव्हा मी पट्टी लावून पत्रे तपासले. पाचही मधोमध फुगलेले होते, काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढे. ड्रिलच्या दाबानं पत्रा वाकला तर तो मागे वाकतो. हे पुढे आले होते, माझ्याकडे.

फळीवर सतरा पत्रे भोकं पाडून नुसतेच पडलेले. त्यांच्यामागे ना ट्रान्सफॉर्मर ना वायर. तेही तिथेच फुगले होते. मी रबरी हातोडीनं सगळे सपाट केले. सकाळी येऊन पाहतो तर पुन्हा तसेच. एका फुगवट्यावर मी पंजा ठेवून पाहिला. फुगवटाही पंजाच्याच आकाराचा होता, माझ्या पंजाहून जरासा लहान.

त्या दिवशी करुणा डबा घेऊन आली, तर दारातच थांबली. सटवाजीमामाला बोलवा, म्हणाली. मी चिडलो. आमच्या घरातून अंगारेधुपारे छप्पन सालीच गेले, आता मी कुणाच्या पायरीला जाणार नाही, असं मी तिला सुनावलं.

"मी कुठं अंगारा म्हणून राहिले," ती म्हणाली. "पत्रा धरायला माणूस बोलवा म्हणते. मला न्हाई जायचं त्या खोलीत परत."

जयंतीला नऊ दिवस उरले होते.

मी वसमतहून नवं हातड्रिल आणलं, नवे पत्रे कापले, चौकट बनवली. हाताच्या कामाला ही खोड लागत नाही एवढं दिसत होतं, आणि चालते ती पद्धत वापरायची, यात श्रद्धेचा प्रश्न नव्हता. एका दिवसापुरतं उसनं मागावं तसं मी त्या दोघांना बोलावलं. सकाळी अकराला ते आले. दार सताड उघडं, रस्त्यावर हळदीचे ट्रॅक्टर चाललेले. सटवाजीनं चौकटीत नवा पत्रा बसवला. शालूबाई ठोकळा घेऊन चौकटीमागे गेली.

ती लगेच बाहेर आली.

"काहून, मावशी?"

"मी कुठं बसू?" ती म्हणाली. "तुझा पत्रा धरलाय की."

मी चौकटीमागे जाऊन पाहिलं. भिंत होती, आणि भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये दोन हात मोकळी जागा. मी तिला तसं म्हणालो. ती ठोकळा टेबलावर ठेवून पायरी उतरली. सटवाजीनं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. करुणानं चहा टाकला होता, तो न घेता दोघं गेले.

म्हातारपणी माणसाच्या डोक्यात काय भरेल, सांगता येत नाही. मला मात्र काम उरकायचं होतं.

मी हातड्रिल घेतलं आणि टोक पत्र्याला टेकवलं.

पातळ पत्र्यामागे कोणी नसेल, तर तो दाबाबरोबर मागे जातो, टोक घसरतं, भोक वाकडं पडतं. म्हणून तर ते दोघं लागायचे.

मी दाबलं. पत्रा हलला नाही.

अजून जोर लावला. पलीकडूनही तेवढाच जोर आला.

मी मूठ फिरवत राहिलो. अकरा भोकं पडली, सगळी सरळ.

दिवसाला चार पत्रे झाले. बावीसच्या बावीस अँप्लिफायर बारा तारखेला पोचते केले. जयंतीला शिरडला, कुरुंद्याला, सगळीकडे दिवसभर वाजले. एकही परत आला नाही. वैजनाथ तर आणखी दोन सांगून गेला.

याला आता नऊ वर्षं झाली. गाळा चालतोय. मशीन भंगारात दिलं. हिंगोलीपर्यंतचे लोक येतात आणि हाताच्या कामाची सर मशीनला नाही, असं मलाच ऐकवतात, आणि मी मान डोलावतो. बाजारातल्या मशीनच्या पत्र्यांना भोकांमागे तिखट कडा राहतात, त्या कानशीनं घासाव्या लागतात. माझ्या पत्र्यांच्या कडा घासलेल्याच निघतात. नऊ वर्षांत मी कानस विकत घेतलेली नाही.

करुणानं घर बांधून घेतलं, तीन खोल्यांचं. ती सुखात आहे. डबा मात्र दारातच ठेवून जाते.

हल्ली माझा उजवा खांदा दुखतो. मध्येच हात थांबवून मी जरा टेकतो. तेव्हा पत्रा पलीकडून दोनदा हलकेच दाबला जातो, आणि मी पुन्हा मूठ फिरवायला लागतो.