बाहीची दुमड

चर्र…

ओल्या कापडावर इस्त्री टेकल्याचा आवाज. दुपारच्या सुन्न घरात तो इतका ओळखीचा वाटला, की लेकीला थोपटता थोपटता मी हसलेसुद्धा. आणि मग थोपटणारा हात थांबला. इस्त्री? कशाला?

मी कपडे शिवते. सहा वर्षांपूर्वी तो माझ्या दुकानात आला, तेव्हा काखेत फिकट निळ्या लिननचा तुकडा होता.

"जपून हं, हे जवसाच्या रोपातून आलंय," तो म्हणाला. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होता ना! मी मनात लगेच नाव ठेवलं — जवसवाला. पण त्याच्या लांबसडक बोटांकडे बघण्याच्या नादात एक गोष्ट विसरले… लिनन आधी भिजवून, वाळवून मगच बेतायचं असतं. मी थेट कात्री चालवली.

पंधरा दिवसांनी तो दारात उभा. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.

"शिंपीणबाई, माझे हात वाढले की काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "धुतल्यावर आटलं… चूक माझी. दुसरा शिवून देते. ह्याचं पायपुसणं करा."

"पायपुसणं? अहो, रोप वाढवलं, कुजवलं, सोललं, कातलं — आणि एका चुकीपायी पाय पुसायचे? हे कापड आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल."

"आपल्या दोघांपेक्षा?"

"म्हणजे… तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा. वेगवेगळं." तो गडबडला. मग बाह्या कोपरापर्यंत दुमडून म्हणाला, "बघा, चूक दिसतेय कुठे?"

नाही दिसली. आमच्या लग्नातही त्याने तोच शर्ट घातला, बाह्या दुमडून. एकूण तीनच शर्ट होते त्याचे. चौथ्याचं नाव काढलं की म्हणायचा, "आधी हे तर फाटू देत." आणि इस्त्री करू द्यायचा नाही. "चुण्या म्हणजे कापडाची बडबड गं. गप्प कशाला बसवतेस?"

शर्ट फाटले नाहीत. तोच गेला. गेल्या थंडीत, नऊ दिवसांच्या तापात.

तेव्हापासून निळा शर्ट दारामागच्या खुंटीला, त्याने शेवटचा काढून ठेवला तसाच. लेक रोज स्टुलावर चढून बाहीच्या दुमडीत बोट घालते. "हे बाबाचं कोपर." तिची समजूत काढायला मीच शिकवलेला खेळ… आता ती झोपली, की मीही खेळते.

मी धावत बाहेर गेले. सासूबाई टेबलापाशी उभ्या होत्या. शर्ट धुतलेला, सपाट. दोन्ही बाह्या सरळ — आणि आखूड. इतक्या वर्षांनी माझी चूक दिसली.

"तू सकाळी दुकानात गेलीस तेव्हा धुतला," त्या म्हणाल्या. "किती चुरगळला होता गं… लहानपणी माझं पोर असं कधी…"

त्यांच्यावर कुठल्या तोंडाने ओरडू? मी हळूच इस्त्री त्यांच्या हातातून काढून घेतली. बाही नाकाशी नेली.

साबण. नुसता साबण.

मागे अनवाणी पावलं वाजली. लेक उठली होती. तिने बाहीवरून बोट फिरवलं… एकदा, पुन्हा एकदा. मग बाही उचलून आत डोकावून पाहिलं.

"आई… बाबाचं कोपर कुठे गेलं?"