फ्रेमवरची लाल वायर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच सोडा, मला कुणाला पटवायची हौस नाही.

मागच्या जुलैतला मंगळवार. महाबळेश्वरचं टेलिफोन एक्सचेंज. दुपारचे दोन.

मी शिवतेज, मलकापूरचा. ठेकेदाराकडं एक्सचेंजची कामं करतो. आदल्या दिवशी वीज पडून ट्रंक कार्डं जळाली होती. खालच्या खोऱ्यातले फोन, टॉवर, सगळं त्याच कार्डांतून जातं. सतरा गावं मुकी झाली होती.

त्यातल्याच एका गावात माझी धाकटी बहीण, साक्षी. नववा महिना. दाजी फौजेत, घरात फक्त तिची सासू बनुबाई. आमचं ठरलेलं... तिनं फोन करायचा, मी जीप धाडायची. जीपवाला लालासाहेब दारात उभाच होता.

"शिवा, तसंच खाली जाऊया का रं?" तो म्हणाला.

"थांब गड्या. अर्ध्या तासात कार्ड बसतंय, मग फोनच करतो."

खाली जायला पाऊण तास. मी कार्ड निवडलं.

कार्ड खाचेत सरकवलं, केबल जोडल्या. हिरवा दिवा लागला. मग नेहमीसारखा फ्रेमवर, म्हणजे लाईनी जोडायच्या लोखंडी चौकटीवर, लूप लावला. म्हणजे जाणारी आणि येणारी लाईन लाल वायरनं एकमेकींना जोडायची. आपण बोललेलं फिरून आपल्याच कानात येतं. आलं, म्हणजे कार्ड नीट आहे. लाल वायर काढली की मगच लाईन बाहेर जाते.

टेस्टचा फोन कानाला लावला. "हॅलो."

काहीच आलं नाही.

माझा आवाजसुद्धा नाही.

मग...

"दादा?"

साक्षी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"साक्षे! कशी हायस गं? जीप धाडू?"

"नको. आता दुखत न्हाई."

खोऱ्यात धो धो पाऊस कोसळत होता. तिच्या मागं मात्र पावसाचा थेंबही ऐकू येत नव्हता...

ऐकू आलं ते तान्ह्या बाळाचं रडणं. लय बारीक.

"बाळ झालं व्हय गं?"

"व्हय. तू घाई करू नको, दादा. बाळ येतंय माझ्यापाशी."

फोन बंद.

आनंदात एवढंही सुचलं नाही, की मी नंबर लावलाच नव्हता.

लालासाहेबाला मिठी मारली. "मामा झालो रं! पेढे आण जा!" जीप बाजाराकडं गेली. मी निवांत दुसरी कार्डं बसवत राहिलो. फोन लागला म्हणजे लूप काढलाय, असंच डोक्यात बसलं होतं.

चार वाजता वॉचमन कोंडीबा चहा घेऊन आत आला. फ्रेमकडं बघून म्हणाला, "आवं सायब, ही लाल वायर अशीच ठिवायची व्हय?"

मी पुढं होऊन बघितलं.

लूप तसाच होता. माझा आवाज त्या खोलीबाहेर गेलाच नव्हता.

वायर उपटली. लगेच खिशातला मोबाईल वाजला. बनुबाई.

"शिवा, सकाळधरनं फोन लावतीया रं... साक्षी गेली. एक वाजताच गेली."

मी अडीचला बोललो होतो तिच्याशी.

"आणि बाळ?" मी कसंबसं विचारलं.

"साडेतीनपतुर जीव हुता रं त्यात. गाडी आली असती तर..."

मी फ्रेमला धरून खालीच बसलो. बाहेर लालासाहेबाचा हॉर्न वाजत होता. तो पेढे घेऊन आला होता.

अडीचला फोनवर कोण होतं, मला माहीत नाही. साक्षीच असेल, तर तिनं मला का थांबवलं? हा विचार आला की अजून झोप उडते. आईला हे मी सांगितलेलंच नाही.

काम सोडता येत नाही. आजही लूप लावतो. आसपास कुणी नसलं की फोनमध्ये म्हणतो, "साक्षी, चुकलं गं माझं."

माझाच आवाज फिरून येतो. "चुकलं गं माझं."

नाव तेवढं परत येत नाही.