ओरिन टॅकेटचा ताप

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण ज्याने मला हे सांगितलं, तो माणूस थापा मारणाऱ्यातला नव्हता.

माझ्या आईचा मामा. लॅम्बर्ट रिटर.

साल १९१९. ठिकाण आमचंच गाव, ओहायो नदीच्या वळणावरचं मॅरो बेंड. आणि रात्र वगैरे काही नव्हती. तेव्हा मैदानावर दिवे नसायचे, बेसबॉल उन्हातच खेळायचे.

जे घडलं ते भर दुपारी घडलं. चारचौघांत.

गावाचा पगारी संघ होता, पायलट्स नावाचा. लॅम्बर्ट त्यात कॅचर. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरने फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. आणि पिचर होता ओरिन टॅकेट. दोघं लहानपणापासून एकत्र. हा फेकणार, तो झेलणार.

ओरिनचे वडील एल्ड्रिज टॅकेट आंधळे होते. बोटीवर बॉयलर फुटला, त्यात डोळे गेले. बायको आधीच वारलेली. घरात बाप आणि लेक, दोघंच.

प्रत्येक सामन्याला ओरिन त्यांना हाताला धरून आणायचा. लॅम्बर्टच्या बरोब्बर मागे, तारेच्या जाळीपलीकडे बसवायचा. म्हातारा तिथे बसून सामना ऐकायचा.

हो, ऐकायचाच.

"लॅम्बर्ट, तुझे गुडघे जुन्या दारासारखे करकरतात. तेल घाल जरा."

"काका, तुम्ही सामना ऐका. माझे गुडघे नका ऐकू."

"सामन्यात काय ऐकायचं? माझं पोरगं जिंकतंय."

ओरिनचा चेंडू वेगळाच होता. संथ यायचा, सरळ यायचा, आणि बॅट फिरली की एकदम खाली बुडायचा. ग्लोव्हमध्ये त्याचा आवाजही वेगळा. इतरांचा चेंडू फटकन वाजायचा. ओरिनचा नुसता... धप्प.

आणि फेकण्याआधी तो घसा खाकरायचा. दरवेळी. त्याला स्वतःला ते ठाऊकही नव्हतं.

१९१८ च्या उन्हाळ्यात त्याला लष्कराचं बोलावणं आलं. लढाईवर तो गेलाच नाही. छावणीत इन्फ्लुएन्झाची साथ घुसली आणि ओरिन तापाने गेला.

घरी पेटी आली. खिळे ठोकलेली.

उघडायची नाही, असा हुकूम होता. साथ गावातही होती. चर्च बंद, जमाव बंद. पुरायला मोजकी माणसं, तीही तोंडाला फडकं बांधून.

टॅकेटकाका पेटीवर हात फिरवत म्हणाले, "मला दिसत नाही. मी डोळे नाही मागत. चेहरा तेवढा चाचपू द्या."

कुणी दिला नाही. कुणाला देता आला नाही.

परत येताना ते लॅम्बर्टला म्हणाले, "आत कोण होतं रे? मला तर नुसतं लाकूड लागलं हाताला."

लॅम्बर्टने त्यांचा हात आपल्या दंडावर घेतला आणि तसाच चालत राहिला.

पुढच्या मे महिन्यात हंगाम सुरू झाला. आता काकांना आणायचं काम लॅम्बर्टने आपल्याकडे घेतलं. त्याच जागेवर बसवायचा. काका यायचे, पण बोलायचे नाहीत. गुडघ्यांवरची थट्टासुद्धा बंद.

नवा पिचर होता व्हर्जिल स्ट्राउड. डोंगराकडचा, धिप्पाड आणि भोळा. त्याला एकच चेंडू यायचा. वेगवान, सरळसोट.

पहिलाच घरचा सामना. लॅम्बर्टने बोटांनी खूण केली... सरळ टाक.

व्हर्जिलने हात मागे नेला.

आणि लॅम्बर्टला ऐकू आलं...

कुणीतरी घसा खाकरला.

व्हर्जिल लांब उभा होता. आवाज मात्र अगदी कानाशी आला.

चेंडू निघाला. संथ. बॅट फिरली आणि चेंडू बॅटखालून बुडाला.

धप्प.

लॅम्बर्ट तसाच बसून राहिला. ग्लोव्हमधला चेंडू त्याने बोटांनी चाचपला.

चेंडू गरम होता. कपाळ तापावं तसा.

स्टँडमध्ये लोक टाळ्या पिटत होते. आणि जाळीमागून, कितीतरी महिन्यांनी, काकांचा आवाज आला.

"आला."

एवढंच. रडत नव्हते, हसत नव्हते. दारात उभं राहून वाट पाहणारा माणूस म्हणतो ना, तसं.

सामना संपल्यावर लॅम्बर्टने व्हर्जिलला बाजूला घेतलं. "तो चेंडू तुला कुणी शिकवला?"

"कुठला? मी तर सरळच टाकला." व्हर्जिल आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "लॅम्बर्ट, जरा हात लावून बघ इथे."

कोपरापासून खाली हात भाजत होता. कोपराच्या वर, अंगाला कुठेही ताप नव्हता.

त्या दिवसापासून हेच सुरू झालं. काका जाळीमागे असले की मधूनच तो चेंडू यायचा. ते नसले की नाही. बाहेरगावच्या सामन्यांत व्हर्जिल नेहमीसारखा सरळ फेकायचा आणि मार खायचा. घरच्या मैदानावर मात्र पायलट्स हरेनात.

खेळाडू आपसात कुजबुजू लागले. मॅनेजर होबार्टला त्याचं काही नव्हतं.

"कोण फेकतंय याच्याशी मला काय करायचंय? मेलेला असेल तर बरंच आहे. पगार मागणार नाही."

कुणी हसलं नाही.

जुलै आला. व्हर्जिल खंगत चालला. सामन्यानंतर त्याचा तो हात बर्फाच्या पाण्यात घालावा लागे, तरी निवत नसे. ताटातलं ताटात राहायचं. सामना नसलेल्या एके दुपारी तो लॅम्बर्टच्या घराबाहेरच्या बाकावर बसून हळू आवाजात म्हणाला,

"तो वाईट नाहीये, लॅम्बर्ट. मला काही करायचं म्हणून नाही येत तो. नुसता फेकतो आणि... ऐकत थांबतो. मागे कुणी काही म्हणतंय का, ते. पण मी मरेन रे अशाने. मला घरी जाऊ दे."

लॅम्बर्टने त्याला थांबायला सांगितलं आणि काकांच्या घरी गेला.

कसं बोलावं हेच त्याला कळेना. शेवटी सरळच म्हणाला, "काका, तुम्ही मैदानावर येऊ नका."

काका खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "माझ्यापाशी दुसरं काय उरलंय? तेवढा एक आवाज."

"व्हर्जिलही कुणाचा तरी मुलगा आहे, काका."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. उठला. खुंटीवरची टोपी चाचपून डोक्यावर घातली.

"चल. आज सामना नाही ना? मैदान रिकामं असेल. मी त्याच्याशी बोलतो. जा म्हणून सांगतो."

दोघं गेले. कडक ऊन होतं. स्टँड रिकामा. नदीवर एकही भोंगा नाही. चिमण्यांचाही आवाज नाही.

"तू तुझ्या जागेवर बस," काका म्हणाले. "नाहीतर त्याला कळणार नाही कुठे फेकायचं ते."

लॅम्बर्टने त्यांना पिचर उभा राहतो त्या मधल्या उंचवट्याशी सोडलं आणि आपल्या जागेवर येऊन उकिडवा बसला. समोर ऊन आणि ऊनच. उंचवट्याच्या कडेला एक आंधळा म्हातारा. शेजारी कुणी नाही.

त्याने ग्लोव्ह पुढे केला.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग...

घसा खाकरल्याचा आवाज.

चेंडू दिसला नाही. चेंडू नव्हताच. पण ग्लोव्हला धक्का बसला. धप्प. तळहातापर्यंत गरम झळ गेली.

तिकडे काकांनी दोन्ही हात वर केले. आणि हवेतच थांबवले.

त्यांची बोटं हलू लागली. हळूहळू. कपाळ, भुवया. मग खाली, नाकावरून. दोन्ही गाल. हनुवटी. जिवंत माणसाच्या तोंडावरून फिरावीत तशी. मध्ये कुठेही बोटं एकमेकांना भिडली नाहीत. त्यांच्यामध्ये काहीतरी होतं.

"गालफडं किती बसलीत रे," काका म्हणाले. "जेवण देत नव्हते तिथे?"

लॅम्बर्टच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याला पुसताही येईना.

आता ते जा म्हणतील, असं त्याला वाटलं. तो वाट बघत राहिला.

काकांचा एक हात कपाळावर थांबला होता. ते वळले आणि ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"लॅम्बर्ट, याला ताप आहे. अजून."

"काका..."

"एवढ्या तापात कुठे जा म्हणू? घरी नेतो."

आणि ते निघाले. येताना लॅम्बर्टचा दंड धरून आले होते. जाताना त्यांचा हात तसाच दंडाच्या उंचीवर होता... पण हवेत. रिकाम्या हवेत.

ते अडखळले नाहीत. फाटकाच्या पायऱ्या उतरले. रस्त्यात घोडागाडी उभी होती, तिला वळसा घातला. लॅम्बर्ट मागोमाग चालत होता. जवळ जायची त्याची छाती झाली नाही.

पुढून एकदा घसा खाकरल्याचा आवाज आला. काका म्हणाले, "बोलू नकोस. घरी गेल्यावर बोल."

त्यानंतर टॅकेटकाका मैदानावर कधी आले नाहीत.

तो चेंडूही आला नाही. व्हर्जिलचा हात निवला, तो परत जेवायला लागला. पायलट्स मात्र एकामागून एक सामने हरले आणि हंगामाअखेर शेवटून दुसरे आले. होबार्टने लॅम्बर्टला खूप सुनावलं. "म्हाताऱ्याला आण म्हणतो ना तुला." लॅम्बर्टने आणलं नाही.

तो अधूनमधून काकांकडे डोकावायचा. काका दारातच बोलायचे, आत घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा." म्हातारा खुशीत दिसायचा. ते बघून लॅम्बर्टला जास्तच वाईट वाटायचं.

मागच्या अंगणात दोरीवर कापडाच्या पट्ट्या वाळत असायच्या. कपाळावर ठेवायच्या, ओल्या करून. रोज.

शेजारीण म्हणायची, "घरात बोलण्याचा आवाज येतो हो. म्हाताऱ्याचाच. पण मध्ये थांबतो तो... दुसऱ्याचं ऐकून घ्यायला थांबावं तसा."

थंडी सुरू झाली. एका सकाळी धुराड्यातून धूर दिसला नाही, म्हणून शेजारणीने लॅम्बर्टला बोलावलं. त्याने दार ढकललं.

काका खुर्चीतच गेले होते. अंग लाकडासारखं ताठ, बर्फासारखं गार. आदल्या दिवशीच गेले असावेत. घरात विस्तव नव्हता. बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला.

खुर्ची ओरिनच्या पलंगाशी ओढलेली होती. पलंग रिकामा. चादर नीट घातलेली. उशीला मधोमध खड्डा.

आणि त्या खड्ड्यात... घडी घातलेली कापडाची पट्टी.

लॅम्बर्टने ती उचलली.

पट्टी गरम होती.

सगळं घर गोठलेलं, म्हातारा कधीचा गार पडलेला. आणि त्या पट्टीतून वाफ निघत होती.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं होतं.

लॅम्बर्टमामा तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बर्फ फोडला. पट्टी बुडवली, पिळली आणि परत उशीवर ठेवली. दुसरं काय करणार?"

"आणि नंतर?"

"नंतर दफनाची माणसं आली. घराला कुलूप लागलं. मी निघून आलो."

मला वाटलं, संपलं.

मग तो म्हणाला, "ती पट्टीही गरम झालीच असेल ना गं, थोड्या वेळाने. मग बदलली कुणी?"

ते घर आता नाही. पाडून तिथे रस्ता झालाय. कामावर जाताना मला रोज तिथून जावं लागतं. उन्हाळ्यात काही वाटत नाही.

पण हिवाळ्यात सगळीकडे बर्फ साचतो, आणि रस्त्याच्या तेवढ्या एका तुकड्यावर कधीच टिकत नाही.